आमच्यातल्या कुणाची तरी

लिफ्ट दुरुस्तीच्या कचेरीत तिला सगळे कुलूपताई म्हणत. एक तर सहीमागचं नाव उघडायची किल्ली तिच्या एकटीच्या संगणकात. दुसरं, तोंडाला कायमचं कुलूप.

तिथल्या मेकॅनिकांची संगणकावरची सही न्यारी. धोका दिसला की त्यांच्यापैकी कुणीही अहवालावर ती करी. सही या गटातल्याच माणसाची आहे, हे कुणालाही पडताळून बघता येई. नेमकी कुणाची, ते कळत नसे. अहवाल खोटा निघाला, तरच कुलूपताईनं किल्ली लावून नाव काढायचं. नियम तिनंच घालून दिलेला.

एका सकाळी एका इमारतीचा मालक तणतणत आला. त्याची लिफ्ट बंद करा, असा अहवाल गेला होता.

"सही कुणाची?"

"आमची."

"आमची म्हणजे?"

"आमच्यातल्या कुणाची तरी."

"बाई, कोडी घालू नका. नाव सांगा. त्याला काढा, नाहीतर काम दुसरीकडे देतो."

गटात तिचा धाकटा भाऊही होता. नोकरी अजून कच्ची. काल जेवताना त्यानं मान वर केली नव्हती. एक कळ दाबली असती तर तिला कळलं असतं. तिनं हात मांडीवरच ठेवला.

"अहवाल खोटा ठरवा, लगेच नाव देते. पण त्यासाठी लिफ्ट तपासावी लागेल."

मालक इरेला पेटला. बाहेरचा तपासनीस आणला. लिफ्टच्या दोराचे पदर काथ्यासारखे पिंजलेले निघाले. त्याच लिफ्टनं त्याची आई चाकाच्या खुर्चीतून रोज खाली येई.

तो परत आला तेव्हा आवाज तळमजल्यावर होता.

"ताई, आता तरी सांगा. आभार मानायचेत."

"आता तर मुळीच नाही. अहवाल खरा निघाला."

"मग मानू कुणाचे?"

"आमचे."

तो खाली कामाच्या जागी गेला. ग्रीसनं माखलेला एकेक हात हातात घेत फिरला. जो तो म्हणे, "मी नव्हे हो." सर्वांत जुना मेकॅनिक म्हणाला, "मी असतो तर पगारवाढ मागितली असती." भाऊही म्हणाला, "मी नव्हे."

घरी जेवण होत आलं तेव्हा भावानं विचारलं, "ताई, तू नाव बघितलंस?"

"नाही."

तो उठला. मग तिचं ताट उचलून घासायला घेऊन गेला. जन्मात पहिल्यांदा.

तिनं त्यावरून काही ताडलं नाही. ताडायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं.