ढालीवरची कढई

माझा नातू नकुल रोमन सैन्यात आहे, हे गावी माझ्या जुन्या मित्राला, जगन्नाथला फोनवर सांगितलं, तर त्याने गंभीरपणे विचारलं, "मग घरी कधी येतो?" म्हटलं, "अरे, रोज येतो. लढाई फक्त वीकेंडला असते!"

नीट सांगतो. नकुल इथलाच, अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावचा. आठवडाभर गाड्यांचे ब्रेक तपासतो. शनिवारी त्याची मंडळी एका मैदानात जमतात आणि हौस म्हणून सोळाशे वर्षांपूर्वीची रोमची पूर्व सरहद्द उभी करतात. टायग्रिसकाठचा किल्ला, आत रोमन लिजन, म्हणजे पलटण, बाहेर इराणचं सैन्य. सिनेमातल्या चौकोनी ढाली आणि उघडे गुडघे नाहीत हं, तो जमाना तोवर सरला होता. यांची ढाल लांबटगोल, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, खाली चक्क विजार. ढालीच्या मधोमध वाटीसारखा लोखंडी उंचवटा. धरायची मूठ त्याच्यामागे, म्हणजे वार आला तरी बोटं शाबूत.

त्या उंचवट्यानेच घोटाळा केला.

गणपतीत नकुलच्या आईने, म्हणजे आमच्या सुनेने, सुमित्राने, आपली लोखंडी कढई मैत्रिणीला, रेखाला वापरायला दिली होती. लहानशी, खोल, काळीभोर. लग्न होऊन सुमित्रा इकडे यायला निघाली तेव्हा माझ्या बायकोने तिच्या बॅगेत कोंबलेली. रेखा ती परत द्यायला आली तेव्हा सुमित्रा घरी नव्हती. नकुल गॅरेजमध्ये ढाल रंगवत होता. "आईला दे रे," म्हणून रेखाने कढई त्याच्याच हातात ठेवली.

मागवलेला उंचवटा वेळेवर आला नव्हता आणि शनिवारी सगळ्यांच्या ढालींची तपासणी होती. नकुलने कढई मुठीवर धरून पाहिली. अगदी मापाची! घरात नॉनस्टिकची रांग असताना या लोखंडाला कोण विचारतंय, असं त्याला वाटलं. कान कापले, काठ ठोकून बाहेर वळवला, भोकं पाडून कढई ढालीवर बसवली. तपासणाऱ्याने पाठ थोपटली.

इकडे सुमित्राने रेखाला फोन केला. "अगं, माझी कढई?"

"नकुलकडे दिली की!"

जेवताना तिने नकुलला विचारलं. तो ताटात बघत म्हणाला, "आय डोंट नो, आई."

मग सुमित्राने रेखाला ऐकवलं, "माझा मुलगा खोटं बोलत नाही." झालं, दोघींचं बोलणं तुटलं. थंडीत मॉलमध्ये जोडीने फेऱ्या मारायच्या, ते बंद. नकुलने गुपचूप नवी कढई आणली, तर सुमित्रा म्हणाली, "तू कशाला भरपाई करतोस? तुझी काय चूक?" त्यानंतर त्या नव्या कढईतल्या पिठल्यावरचं पोराचं मन उडालं. मला वाटलं, डाएट करतोय.

मे महिन्यात त्यांच्या मोठ्या लढाईला मी आणि सुमित्रा गेलो. एका इराण्याचा भाला नकुलच्या ढालीवर आदळला, टण्ण! सुमित्रा लोकांना सांगत सुटली, "ढाल त्याने स्वतः केलीय."

परतताना ती मागच्या सीटवर ढालीशेजारी बसली होती. उंचवट्यावरून हात फिरवत म्हणाली, "आबा, लोखंड किती गुळगुळीत आहे बघा." मी पुढे, गाडी चालवणाऱ्या नकुलशेजारी बसलो होतो. नकुलचे कान लाल झाले. पुढच्या सिग्नलला त्याने गाडी वळवली.

"कुठे चाललास रे?"

"रेखाकाकूंकडे."

"त्या खोटारडीकडे?"

"आई, प्लीज. काकू खोटं नाही बोलल्या. मी बोललो." आणि त्याने सगळं सांगितलं. सुमित्राने ढालीवरचा हात काढून घेतला.

रेखाने दार उघडलं, तर समोर विजार घातलेला रोमन. "काकू, ही कढई," नकुलने ढाल पुढे केली. "तुम्ही मला दिली होती. आईला मी खोटं सांगितलं. सॉरी."

रेखाने ढालीकडे पाहिलं, मग मागे मान खाली घालून उभ्या असलेल्या सुमित्राकडे.

"रेखा, काय काय बोलले गं मी तुला."

"बोललीस खरी. अख्खा हिवाळा एकटी फिरले मी." दारातून बाजूला होत रेखा म्हणाली, "ये आत. पिठलं टाकते. पण जाताना तुझी पर्स तपासणार हं, माझी कढई पळवशील!"

नकुलही आत निघाला.

"तू नाही," सुमित्राने त्याला अडवलं. "तू इथेच पहारा दे."

आणि तो खरंच उभा राहिला हो, दाराशी, कान झाकणारं हेल्मेट चढवून, ढाल घेऊन! ये-जा करणाऱ्या गाड्या हळू होऊन बघायच्या. मी गरम पिठल्याची ताटली बाहेर नेली.

"आईने पाठवली का, आबा?"

"नाही. मीच आणली."

त्याने मान हलवून ताटली परत केली. मग मीच पायरीवर बसून खाल्लं. झकास झालं होतं. आतून त्या दोघींचा आवाज येत होता, दोघी एकदमच बोलत होत्या. तेवढं ऐकायला नकुलने हेल्मेट काढलं होतं.