कुंदाचं दुसरं कडवं

विनू, ये, असा जवळ बस आणि चष्मा लावून हे स्वतः वाच. मुलांकडून वाचून घेऊ नकोस. ती हिंदी शाळेतली, मराठीला अडखळतात. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून पेपरात लिहितेय. तेराव्याला पंगतीत चार माणसांसमोर तू म्हणालास, "कुंदा आयुष्यभर रुसून राहिली." सख्खा भाऊ ना तू तिचा? असं बोलतात का रे?

वाचणाऱ्यांसाठी सांगते. कुंदा माझी मामेबहीण, विनूची धाकटी बहीण. दीडएक महिन्यापूर्वी देवासला माझ्याच घरी गेली. सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले, तर... चहा तसाच परत आणला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. ती सरदारपूरचं सासर सोडून माझ्याकडे आली. नवरा हात उचलायचा आणि वर आठवडाभर अबोलाही तोच धरायचा. वाटेत बस धारला थांबली, माहेर तिथून हाकेच्या अंतरावर, पण ही उतरली नाही. दुसऱ्याच दिवशी विनू माझ्या फाटकाशी हजर. शेजारणीने विचारलं, "क्यों भिया, लेने आए हो?" तर म्हणे, "हां, शाम तक पहुंचा दूंगा." जसं काही पार्सलच.

आत येऊन कुंदाला म्हणाला, "उडदाची डाळ भिजत घालून आलीस म्हणे. जावईबापू म्हणतात, वडे करायला येईलच परत."

कुंदाने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"डाळ भिजत घालून कोणी घर सोडतं का गं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. विनू एकटाच परत गेला, पण सगळ्यांचं ठरून गेलं की बाई रागात आलीय, राग उतरला की जाईल. सरदारपुरात तिचा नवराही वर्षानुवर्षं त्या डाळीचाच हवाला देत राहिला. कुंदाने इथे बालवाडीत नोकरी धरली. हळदीकुंकवाला गेली की बायका विचारायच्या, "मग, कधी जायचंय?" ही वाण घ्यायची, हसायची आणि लवकर घरी यायची. पुढे पुढे जाईनाशीच झाली.

मग घरोघरी केबल आली. एका दुपारी आम्ही मेथी निवडत होतो आणि टीव्हीवर गॉगलवाली एक मुलगी उड्या मारत गात होती. तेच गाणं, ज्यावर पुढे तुम्ही सगळे वरातीत नाचायचात. मी म्हटलं, "बंद कर गं, काय तो धांगडधिंगा."

"थांब ताई, दुसरं कडवं ऐक."

त्या कडव्यात ती मुलगी त्याला सांगते की शर्टांना इस्त्री केलीय, दूध तापवलंय, गॅस बंद केलाय, आणि मी चाललेय, वाट बघू नकोस. चाल इतकी उडती की शब्दांकडे कोणाचं लक्षच जात नाही. कुंदाच्या हातातली जुडी मात्र तशीच राहिली.

"हिला कळलं बघ," ती म्हणाली. "मला तेव्हा दादाला सांगता आलं नाही."

"काय गं?"

"डाळ मी परतायचं म्हणून नव्हती भिजवली. सकाळची कामं होती, ती केली. पाणी भरलं, डाळ भिजवली, भांडी पालथी घातली आणि मग निघाले. त्या घरात माझं काही करायचं राहून गेलं असं नको होतं. लोकांचं सोड, मलाच तसं वाटायला नको होतं."

"मग सांग की आता विनूला."

"त्याने विचारलं तर सांगेन."

तू दर भाऊबीजेला यायचास, विनू. ओवाळून झालं की ताटात पैसे टाकत म्हणायचास, "काय बाई, उतरला का राग?" आणि ती म्हणायची, "दादा, श्रीखंड घे अजून."

पुढे तिने त्या गाण्याची कॅसेट आणली. रविवारी दुपारी दार लोटून घ्यायची आणि ते एकच गाणं लावायची, हळू आवाजात. मी बाहेरून ऐकायचे. आत ती नाचत नसायची, एवढं मला माहीत आहे.

आता दुपारी मी त्या खोलीत जाऊन बसते. टेपरेकॉर्डरवर तिने विणलेला रुमाल तसाच आहे, कॅसेटही आतच आहे. बटणाकडे हात जातो, पण एकटीने ऐकवत नाही रे... तिला विचारायचं तुझं राहिलं, आता विचारायला ती नाही. ऐकता मात्र येईल. या रविवारी जमलं नाही तर पुढच्या रविवारी ये, जेवायलाच ये. मी एका शब्दाने बोलणार नाही. तूही मध्ये बोलू नकोस, कडवं संपेपर्यंत नुसता माझ्याजवळ बस. पण लवकर ये.