उपग्रहाची थरथर आणि टेंबे सर

प्रा. माधवराव टेंबे सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त देवासच्या त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी लेख मागितला. मी पाहिले तेवढेच लिहिते.

सरांना मी प्रथम पाहिले ते धारच्या महाविद्यालयात, माझ्या मुलाखतीच्या दिवशी. निवड समितीचे बाकीचे सभासद बसले होते. सर खिडकीपासून फळ्यापर्यंत येरझारा घालीत होते. त्यांनी एकच विचारले, "यंत्र चुकले की निसर्ग, हे कसे ओळखाल?" मी उत्तर दिले. ते अपुरे होते, हे पुढे कळले.

मला वर्षभराची कच्ची नेमणूक मिळाली. लढाईनंतर भंगारात निघालेला एक फौजी रिसीव्हर सरांनी दुरुस्त केला होता. त्यावर रशियन उपग्रहाचे संदेश ऐकून, त्यांचे बळ दाखवणाऱ्या सुईचे आकडे टिपणे, हे माझे काम. दिवसा सुई संथ हले. दिवेलागणीनंतर थरथरे. शिपाई रामसिंग म्हणे, "बहनजी, बत्ती लग गई, अब सुई नाचेगी." गावात दिवे लागले की विजेचा दाब घटतो, त्यानेच सुई थरथरते असे धरून संध्याकाळचे आकडे मी 'यंत्रदोष' लिहून रद्द केले. अहवाल सरांच्या सहीने दिल्लीच्या प्रयोगशाळेकडे गेला.

सही करूनही सरांना चैन पडेना. नालछ्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या मालकाकडे त्यांनी बॅटरी मागितली.

"प्रोफेसरसाब, सबेरे धक्का आप लगाओगे?"

"लगाऊंगा."

त्या संध्याकाळी रिसीव्हर गावच्या विजेऐवजी बॅटरीवर चालला. सुई तशीच थरथरली. दोष यंत्राचा नव्हता. विषुववृत्ताच्या बाजूला, फार उंचावर, विद्युत्भारित वायूचा थर असतो. सूर्यास्तानंतर तो विस्कटतो आणि त्यातून येणाऱ्या लहरीचे बळ क्षणाक्षणाला बदलते. मी नेमके तेच रद्द केले होते.

सकाळी सर खरोखरच मोटार ढकलत होते. शेजारी मीही होते. नेमणूक जाणार, हे मी धरून चालले होते. "चूक माझी. तसे कळवते," मी म्हटले.

"आकडे तुम्ही खोडलेत, सही मी केली. दोघे कळवू. आणि कुमुदबाई, बोलताना हात ढिले सोडू नका."

पत्रात सरांनी आधी स्वतःची चूक लिहिली: मूळ वही न पाहता सही केली. दिल्लीहून रद्द केलेले आकडेच मागवण्यात आले. सरांच्या शिस्तीमुळे ते एकाच रेघेने खोडलेले होते. सगळे वाचता आले.

पुढे माझ्या पक्क्या नेमणुकीचे पत्र आले. सर म्हणाले, "छान. पण काल संध्याकाळी सुई का थरथरली नाही?"

ते आम्हाला अजून ठाऊक नाही. उत्तर मिळेपर्यंत सरांची प्रकृती उत्तम राहो. आणि मिळाल्यावर त्यावर शंका घ्यायला पुढेही त्यांना भरपूर वर्षे लाभोत.