मागच्या आसाचे आटे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूध घेताना माप मी वाकून बघते आणि देवळातला पेढाही आधी हुंगते. पण साठच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात माझ्या संशयाला चांगलं धडधडीत कारण होतं.

कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला आमचं रान. आमचे हे लष्करात, सरहद्दीवर. आदल्या सुट्टीत त्यांनी सांगलीकडच्या एका द्राक्षबागेवाल्याकडून जुना, छोटा, बागेत चालवायचा ट्रॅक्टर आणला आणि सुट्टीभर चाकाच्या पत्र्यावर बसून मला तो शिकवला. नट-बोल्ट कुठल्या बाजूला आवळायचे, कुठल्या बाजूला सैल करायचे, तेही शिकवलं. बाई ट्रॅक्टरवर बसलेली बघून गावानं तोंडात बोटं घातली. जाताना हे एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टर चालतोय तवर रान तुझं तू कर."

थोरल्या दिरांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, धाकटा परत येईतो रान त्यांच्याकडं वाट्यानं द्यावं आणि बाईमाणसानं घर बघावं. वाट्यानं गेलेलं रान कसं परत येत नाही, हे मी माहेरी डोळ्यांनी बघितलं होतं. पौषात उसाची लागण. तोवर माझ्या ट्रॅक्टरनं सऱ्या निघाल्या तर रान माझ्या हातात राहणार होतं, नाहीतर त्यांचे बैल माझ्या बांधावर येणारच होते.

बरं, हे सगळं ते मला सांगत नव्हते. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. भावजींना काही सांगायचं असलं की ते गोठ्यात बैलाला सांगत, मोठ्यानं. भिंतीच्या अलीकडं मी ऐकत असे आणि माझं उत्तर भांडी आदळून देत असे. त्यांनाही ते बरोबर कळे.

एके सकाळी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ तेलाचं थारोळं दिसलं. मागचा आस ज्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, घरात बसतो, त्या घराच्या सांध्यातून तेल झिरपत होतं. मी पाना लावून बोल्ट आवळायला गेले, तर बोल्ट नुसता गरगर फिरायला लागला. फिरतोय, पण धरत नाही. शेजारचाही तसाच. तेवढ्यात भिंतीपलीकडून भावजींचा आवाज आला, "गड्या, आपलं बरं हाय. आपलं त्याल गळत न्हाई."

मी घमेलं इतक्या जोरात आपटलं की त्याला पोचा आला.

कऱ्हाडहून मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बोल्ट बाहेर काढला. बोल्टाबरोबर बिडाचा चुरा आला, बाजरीच्या कण्यांसारखा. बोल्ट शाबूत होता. भोकातले आटे, म्हणजे बोल्टाला धरणारे पेच, पार गेले होते.

"वैनी, ह्ये आपसूक झाल्यालं न्हाई," मिस्त्री म्हणाला. "कुनीतरी लय जोर लावलाय."

माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला. काम वाढवायला सगळेच मिस्त्री असं म्हणतात. माझा चेहरा बघून त्यानं माझाच पाना उचलला आणि दांडा दाखवला. दांड्यावर ताजे, लखलखीत ओरखडे होते. "ह्याच्यावर पाईप चढवलाय कुनीतरी. दांडा लांब केला की मानसाचं बळ वाढतं. तुमी लावला व्हता?"

मी नव्हता लावला. आणि आता मला आठवलं, सीटखालच्या पेटीत मी पाना तोंड आत करून ठेवायची, तो हल्ली उलटा ठेवलेला सापडत होता. विहिरीच्या इंजिनाचा जुना पाईप कुणाच्या गोठ्यात पडून होता, हे मला शोधायला जावं लागलं नाही. बोल्ट सैल करून ट्रॅक्टर बंद पाडायचा भावजींचा डाव आहे, असं मी धरूनच चालले.

मिस्त्रीचं काम चालू असताना मी घमेलं पालथं घालून समोरच बसले. त्यानं झिजलेली भोकं ड्रिलनं मोठी केली, त्यांत नवे, रुंद आटे पाडले. मग आतून-बाहेरून आटे असलेली पोलादी बुशं त्यांत घट्ट बसवली, म्हणजे मूळचाच बोल्ट बुशाच्या आतल्या आट्यांत बसेल. जुने बोल्ट त्यानं कुठं ठेवले, नवी बुशं खरंच पोलादाची आहेत का, मी सगळं न्याहाळत होते. शेवटी तो वैतागला.

"आवं वैनी, मी काय चोर हाय व्हय?"

"मी कुठं म्हणलं?" मी म्हणाले, आणि बघत राहिले.

जाताना त्यानं बजावलं, "आता हातानं लागंल तेवढंच आवळायचं. पुन्यांदा पाईप लावला तर बुशं बिडासकट भाईर येतील, आन् मग माझ्याच्यानं काय हुनार न्हाई. आसाचं नवं घर सांगलीत मिळंल न मिळंल."

म्हणजे आता सगळं त्या दोन बुशांवर होतं. संध्याकाळी मी चुलीतली राख चाळून ट्रॅक्टरभोवती पातळ पसरली. सकाळी राखेत पायताणाचे ठसे होते, टाचेला आडवी टायरची पट्टी. गावात तशी पट्टी फक्त भावजींच्या पायताणाला होती. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. संशय खरा ठरल्यावर होतो तसा तो वाईट आनंद होता. दोन्ही बोल्ट मी हातानं तपासले. अजून धरत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मी कडब्याच्या गंजीआड उभी राहिले. थंडीनं दात वाजत होते. भावजी आले. खांद्यावर पाईप. इकडंतिकडं बघून त्यांनी पेटीतून पाना काढला, त्याच्यावर पाईप चढवला आणि बोल्टाला लावला. आता यांना रंगेहाथ धरायचं, जावेला हाक मारायची, अख्खी आळी गोळा करायची, असं मी ठरवूनच आले होते.

पण माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. हात उजवीकडं जात होते. सैल करायचं तर उलट बाजूला जायला हवेत. मी पुन्हा निरखून बघितलं. हा माणूस बोल्ट आवळत होता. बैलगाडीचा नाडा आवळावा तसा, पाय रोवून, सगळा भार टाकून आवळत होता. नाडा आवळावा तितका घट्ट होतो. बीड जास्त आवळलं की चुरतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगणार कोण? ज्यांना माहीत होतं ते सरहद्दीवर, आणि दुसरी मी.

पाईप कुरकुरला. आणखी एक हिसका, की बुश गेलं, लागण गेली, रान गेलं. माझं डोक्यावरच्या पदराकडं लक्षच राहिलं नाही.

"भावजी, पाईप खाली ठेवा!"

ते असे दचकले की पाईप त्यांच्याच पायावर पडला. माझ्याकडं न बघता ते गोठ्याकडं वळले आणि दावणीच्या बैलाला म्हणाले, "गड्या, सांग तिला. ती रोज त्या गाडीवर बसती. चाक निखाळलं तर मी धाकट्याला काय तोंड दावू? पाव्हन्यांच्या लग्नाहून आल्यापासनं बगतोय, त्याल गळतंय, म्हनून रोज आवळतोय. मिस्त्री करून गेला तरी भरवसा न्हाई."

मिस्त्री यायच्या आधी भावजी चार दिवस पाहुण्यांच्या लग्नाला गेले होते, आल्यावर त्यांना तेल दिसलं होतं. आणि तेल वाढत गेलं तसे ते आणखी जोर लावत गेले होते. मी हसावं की रडावं मला कळेना. एवढ्या दिवसांत भिंतीवरून एक हाक मारली असती तर? पण मीही कुठं मारली होती.

"बैलाला नका सांगू," मी म्हणाले. "मला सांगा."

भावजींनी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि ते ट्रॅक्टरकडं वळले. रानाचा विचार त्यांच्या मनात नव्हताच, असं मी आजही म्हणणार नाही. तो होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात असू शकतात, एवढं मला त्या दिवशी पटलं. मग त्यांनी पाना उचलला, पाईप काढून पायानं बाजूला सारला आणि पाना बोल्टाला लावून खाली मान घालूनच विचारलं, "कितपत आवळू, पोरी?"

मी पदर सावरला आणि त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

"मी सांगते," मी म्हणाले. "आवळा."