कोपऱ्याच्या आधी पोचलेलं कार्ड

बिरूबा गेले ही बातमी मला तिसऱ्या दिवशी कळली. त्यांची वस्ती माझ्या शाळेपासून दीड कोसावर. मी गावचा शाळामास्तर आणि त्याच खोलीतला पोस्टमास्तरही. म्हणजे बातम्या पोचवणं हा माझा सरकारमान्य धंदा, आणि मलाच ही बातमी तिसऱ्या दिवशी! त्या सकाळी मी तारखेच्या शिक्क्याशी झटत होतो. आत एक आकडा अडकला होता, तो सुईनं उकरताना निम्मी शाई माझ्या मिशीला लागली होती आणि त्याच अवतारात मी दारातल्या बाईला विचारलं, "काय, रजिस्टर करायचंय?" ती धनगरांच्या वस्तीवरची. एरवी माझी ती मिशी बघून गावभर सांगत सुटली असती. त्या दिवशी ती हसली नाही... "बिरूतात्या गेलं," ती म्हणाली, "परवा सकाळी. मेंढरं वाड्यातनं सोडताना बसलं ते बसलंच. ठकूआत्यानं तुमास्नी बोलीवलंय. कारडं घिऊन या म्हनली." मी शिक्का तसाच ठेवला. मिशी पुसायचीही राहिली, हे वस्तीवर पोचल्यावर कळलं.

बिरूबा म्हणजे वडूजकडच्या माळावरचे मेंढपाळ. उंच, काटकुळे, खांद्यावर घोंगडं, आणि बोलणं असं की चार शब्द बोलले की पाचवा दुसऱ्या दिवशी. दिवाळी झाली की माळावरचं गवत संपतं. मग मेंढरं घेऊन ते कृष्णाकाठाला उतरायचे, थेट सांगलीपर्यंत. तिकडचे ऊसवाले खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. पावसाळ्याच्या तोंडाला परत माळावर. वर्षानुवर्षं हीच वाट. पोलीस, पाटील, नाकेदार सगळ्यांच्या डोळ्यांना तो कळप इतका सवयीचा झालेला, की त्याच्यामागून चालणारा माणूस कुणाला दिसायचाच नाही. आणि याच गोष्टीचा आम्ही बेचाळीस साली फायदा घेतला. आम्ही म्हणजे त्यांनी. मी फक्त अक्कल चालवली, आणि ती कशी चालली तेच सांगायला बसलोय.

त्या साली तारा तुटल्या, खांब आडवे झाले, कुठं टपालाच्या थैल्या जाळल्या गेल्या. आमच्याकडची टपालाची फेरी तर बंदच झाली. मी मात्र रोज दहाला पोस्ट उघडून, रिकाम्या टेबलावर बसून, कोऱ्या कागदावर तारखेचा शिक्का मारत असे. न जाणो, वरून कुणी तपासायला आलं तर! बाहेर बायाबापड्या बसलेल्या. कुणाचा नवरा पलटणीत, कुणाचा मुलगा तुरुंगात, कुणाचा भूमिगत. "आलं का वं काय, मास्तर?" एवढंच विचारायच्या आणि उठून जायच्या. बिरूबांचा एकुलता एक मुलगा म्हाकू हा तारा तोडणाऱ्यांत होता. तो कृष्णाकाठच्या उसात लपला होता, आणि त्याच्यावर वॉरंट. म्हणजे माझी तार ज्यानं बंद पाडली त्याचीच आई, बिरूबांच्या ठकूबाई, माझ्या पोस्टाच्या पायरीवर बसून त्याची खुशाली विचारत होती. यावर मी एकदा विनोद केला. ठकूबाईंना तो कळला नाही. फार बरं झालं.

शेवटी मला टपालखात्याचा पर्याय काढायची सुरसुरी आली. देशप्रेम होतंच, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर रिकामपण आणि मिजास यांचा वाटा मोठा. आधी मी कबुतरं पाळली. ती कुठंही सोडली तरी शाळेच्या कौलांवर परत यायची, चिठ्ठीसकट. मग गुप्त शाई. गुळाच्या पाण्यानं लिहायचं, वाळलं की दिसत नाही, शेकलं की अक्षरं तपकिरी उमटतात. पहिलं पत्र बिरूबांच्या घोंगड्यात ठेवलं. दोन मुक्कामांनी ते परत घेऊन आले. कागदाला ओळीनं भोकं. "मास्तर," ते म्हणाले, "मुंग्यांनी वाचलं बगा समदं. आता त्यांच्याकडनंच निरोप न्ह्याचा का?" मी ओशाळलो. मग त्यांनीच रीत घालून दिली. चिठ्ठी साधी, शाईची; तिला लोकरीचा धागा. काळा धागा अमक्या गावाचा, पांढरा तमक्याचा, खैरा आणखी कुणाचा. बिरूबांना अक्षर येत नव्हतं, पण एकही चिठ्ठी चुकली नाही. चिठ्ठ्या जायच्या मेंढीच्या पोटाखालच्या लोकरीत, आणि त्यांची उत्तरं समोरून माळाकडं येणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांवरून यायची. माझ्या साऱ्या नोकरीत इतकं चोख टपाल मी पाहिलेलं नाही.

त्याच वाटेनं म्हाकूचा निरोप आला. चंपाषष्ठीला घरी येतो, आयेच्या हातचं भरीत-रोडगा खाऊन लगेच परत. ठकूबाई तापानं आजारी होत्या, तेही त्याच्या कानावर गेलं होतं. हा निरोप आणखी कुणाच्या कानावर गेला देव जाणे. चार दिवसांत वस्तीत पोलीस येऊन बसले. दोघं बिरोबाच्या देवळात, दोघं ठकूबाईंच्या अंगणासमोर. आता म्हाकूला 'येऊ नकोस' एवढं कळवायचं होतं. एवढंच... बिरूबा एकटे निघाले असते तर दोन दिवसांत पोचले असते, पण मेंढरांशिवाय बिरूबा दिसले की पोलीस त्यांच्या मागोमाग जाणार. तेव्हा त्यांनी मेंढरं घेऊनच निघायचं ठरलं. चंपाषष्ठीला आठ दिवस होते.

इथं माझ्या डोक्यात कल्पना शिरली. त्या दिवसांत खबऱ्यांनी खोट्या चिठ्ठ्या सोडल्या होत्या. अशाच एका चिठ्ठीवर शेजारच्या गावचे दोघं पकडले गेले. मी म्हटलं, आपण असं करू. पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडू. कोपरा एका माणसाबरोबर, कार्ड दुसऱ्याबरोबर. दोन्ही जुळले तर निरोप खरा. मी इतका खूश झालो की फाडूनच दाखवला. बिरूबा त्या कार्डाकडे बघत राहिले.

"मास्तर, कोपरा फाडू नगा."

"का?"

"मयताचं कारड हाय ते. कोपरा गेलेलं कारड आमच्यात दारातनं आत घेत न्हाईत."

आमच्यात कशाला, सगळ्यांच्यातच ही चाल. मयताची बातमी कोपरा फाडलेल्या कार्डावर जाते. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं आणि अंघोळ करायची. पोस्टमास्तर म्हणून अशी कार्डं मी स्वतः चिमटीत धरून लोकांना दिली होती. पण त्या दिवशी मी अंधश्रद्धेवर त्यांना छोटंसं व्याख्यान दिलं. शाळेत देतो तसं. बिरूबांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्येला वाचता येत न्हाई. संगं एक वाचनारा गडी असतो, तो असंल तर ठीक."

"अहो म्हणून तर कोपरा तुमच्यापाशी! तुम्ही आधी पोचा, त्याला समजावून सांगा. कार्ड मी मागून धाडतो."

"म्या पोचल्यावर धाडा मग."

"हिशेब माझ्यावर सोडा," मी म्हणालो. हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं, माझ्याच आवाजात.

कोपरा त्यांनी चंचीत, पानतंबाखूच्या पिशवीत, ठेवला आणि ते निघाले. कार्डावर मी लिहिलं, 'यंदा वांग्याला कीड आहे, भरीत होणार नाही, बाकी सर्व खुशाल.' पुन्हा स्वतःवर खूश. तिसऱ्या दिवशी वडूजचा एक कासार बांगड्यांच्या माळा घेऊन सांगलीकडं निघालेला भेटला. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार तेव्हा आठवड्यातून एकदा सुटली तर सुटायची. ती त्या दिवशी सुटत होती. मी नकाशावर अंतर मोजून ठेवलं होतं. दोन दिवसांची वाट, बिरूबा कालच पोचले असणार. कार्ड कासाराच्या हाती दिलं. म्हाकू लपला होता त्या गावाबाहेरच्या म्हसोबाच्या दगडाखाली ठेवायचं, घरच्या निरोपासाठी तो रोज तिथं बघून जातो, हेही सांगितलं.

मी अंतर माणसाच्या पायानं मोजलं होतं. मेंढरं चरत चालतात. त्यातून वाटेत दोन मेंढ्या व्याल्या, ओली पिल्लं चालेनात, म्हणून बिरूबा एका ओढ्याकाठी थांबून राहिले होते. जन्मभर टपालात काढलेल्या माणसाला, कुठलं टपाल आधी पोचेल, एवढं कळू नये...

वाचणारा गडी दोन दिवसांपूर्वीच दुसरीकडं गेला होता. म्हाकूनं दगड उचलला. खाली घरचं कार्ड, आणि कोपरा नाही. आई तापानं पडलीय, एवढंच त्याला ठाऊक. पुढचं मला वाटेवरच्या लोकांकडून कळलं. तो ओढ्यानाल्यांतून लपत आला नाही. सरळ सडकेनं आला, भर उन्हात, अनवाणी, मोठ्यानं रडत. रडत येणाऱ्या माणसाला वाटेत कुणी अडवलंही नाही. दुपारी तो वस्तीत शिरला तेव्हा ठकूबाई ताप उतरून अंगणात बसल्या होत्या. पोलीस समोरच असल्यामुळे त्यांनी मान वर करायची नाही असं ठरवलं होतं, पण आवाज ऐकून केलीच. म्हाकू अंगणात थबकला. "आये," तो म्हणाला, "तू हाईस?" आणि हसला. हसतानाच त्याला धरला. शेजारचे सांगतात, नेताना तो सारखा मागं वळून तिच्याकडं बघत होता आणि हसत होता, वेड्यासारखा.

उन्हाळ्यात तो तुरुंगात तापानं गेला.

बिरूबा पोचले तेव्हा म्हसोबाच्या दगडाखाली काही नव्हतं, उसातही कुणी नव्हतं. मेंढरं नातलगांवर सोपवून ते परत आले ते आधी माझ्याकडं. शाळा सुटली होती. त्यांनी चंची सोडली. तंबाखूनं पिवळा पडलेला कोपरा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यो तुमचा कोपरा," ते म्हणाले. "पोचला न्हाई."

एवढंच. पुढं सहा वर्षांत त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. मी वाट बघत असे की हा माणूस कधी तरी माझी गचांडी धरेल, चारचौघांत सांगेल. तेवढं झालं असतं तर माझं मला सोपं गेलं असतं. उलट पंधरा दिवसांनी ते पुन्हा दारात उभे. "काय हाय का वाटंला लावायचं?" मी म्हणालो, "बिरूबा, आता कशाला..." तर म्हणाले, "लोकांची पोरं हाईत की अजून." चळवळ निवळेपर्यंत त्यांनी टपाल वाहिलं. एकच बदल झाला. चिठ्ठी मेंढीच्या लोकरीत घालण्याआधी तिच्या चारी कोपऱ्यांवरून ते अंगठा फिरवायचे. माझ्यासमोर, सावकाश. मला टोचावं म्हणून नव्हे. त्यांना वाचता येत नव्हतं, तेवढंच तपासता येत होतं. पुढं तारा जोडल्या गेल्या, टपाल सुरू झालं, देश स्वतंत्र झाला, शाळेपुढं मी झेंड्याला सलाम केला. बिरूबा लांब कुंपणापाशी उभे होते. समारंभ झाल्यावर मला म्हणाले, "मास्तर, झेंडा जरा वाकडा बसलाय." बसला होता खरा. मीच बांधला होता.

ठकूबाईंना यातलं काही ठाऊक नसावं, अशी माझी समजूत होती. त्या सगळ्यांना सांगायच्या, पोरगं भरीत-रोडग्याच्या आशेनं आलं, माझ्या हातच्या चवीनं त्याचा घात केला. सहा वर्षं त्यांनी चंपाषष्ठीला वांगं चिरलं नाही. बिरूबांनी त्यांना तसंच समजू दिलं, आणि मीही. बिरूबांची बातमी आली त्या दिवशी वस्तीकडं चालताना मी ठरवलं होतं, की आज सांगायचं. तुमच्या हातच्या चवीचा काही दोष नव्हता, ठकूबाई. माझ्या अकलेचा होता.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी बसलो. माझ्या मिशीकडं बघून त्यांनी पदराचं टोक पुढं केलं, "पुसा," म्हणाल्या. मग गावांची नावं सांगायला लागल्या. कृष्णाकाठची, माळावरची, बिरूबांची मेंढरं जिथं जिथं बसली ती सगळी. मी एकेक कार्ड लिहीत गेलो. मजकूर एकच. लिहून झालं, गठ्ठा गुडघ्यावर ठेवला, आणि मी बसून राहिलो. कार्डं मयताची होती. पुढं काय करायचं ते मला माहीत होतं, बोटं चालेनात.

"ठकूबाई, मला तुम्हाला एक..."

"द्या हिकडं," त्या म्हणाल्या. गठ्ठा त्यांनी माझ्या गुडघ्यावरून उचलला. "ते तुमच्याच्यानं आता व्हायचं न्हाई, असं म्हनायचं ह्ये. मास्तरास्नी कवा कोपरा फाडाय लावू नगं, म्हनायचं."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

"आणि भरताचं?" मी कसंबसं विचारलं. "इतकी वर्षं तुम्ही लोकांना..."

"कुनाला तरी दोष लावाय लागतोच की," त्या म्हणाल्या. "तुमाला लावला असता तर तुमी गाव सोडून गेला असता. मग ह्येंच्या चिठ्ठ्या कुनी ल्ह्यायच्या हुत्या?"

आणि त्यांनी पहिलं कार्ड उचललं, कोपरा नखानं दुमडला आणि फाडला. मग दुसरं. एकेका गावाचं नाव मला विचारत, एकेक कोपरा फाडत, त्यांनी गठ्ठा संपवला. मी नावं सांगत गेलो.