खोगिराखालची तिसरी घडी

कुणालशेठने घोडीसाठी चुंबकाचं पांघरूण आणलं, त्या दिवशी तबेल्यात घोडे चोळणाऱ्या ललिताचं डोकंच फिरलं. पांघरुणाला वायर होती, वायरीला बटण होतं, आणि बटण दाबलं की घोडीच्या पाठीतलं रक्त म्हणे धावायला लागतं. ललिताने ते अबोलीच्या पाठीवर घातलं, बटण दाबलं आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिली. करायला दुसरं काही उरलंच नव्हतं. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ती पुटपुटली.

अंजूर गावात खाडीकडच्या अंगाला, कुणालच्या वडिलांचं भात जिथे पिकायचं, तिथे आता गोडाऊनं उभी आहेत. त्यांच्या मागे उरलेल्या दीड एकरात कुणालचा तबेला. घोडे चारच, पण घरात देव्हाऱ्याखालोखाल मान त्यांचा. अबोली ही त्यातली नारिंगी झाक असलेली घोडी. आडव्या दांड्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेत ती उतरते, आणि तिच्यावर बसते कुणालची बावीस वर्षांची मुलगी क्षितिजा. मागच्या वर्षी दोघींनी पुण्याहून कप आणला होता. यंदा मात्र घोडी दांडीपर्यंत येई आणि पाय रोवून उभी राही. तीन स्पर्धांत तीनदा. तिसऱ्यांदा कुणालने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आता घरच्या मैदानावर एकदा बघीन. तिथंबी अडली तर नारपोलीच्या बॅण्डवाल्याला देऊन टाकीन. वरातीत कोन उड्या मारायला सांगत न्हाय."

वरातीतली घोडी ललिताने पाहिली होती. तापलेल्या डांबरावर तास न् तास उभी, कानाशी डीजे, तोंडात गंजलेला लगाम. अबोली शिंगरू असल्यापासून तिच्या हातची. आठ वर्षं रोज सकाळी खरारा, मग मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत मालिश, मग गरम पाण्याचा शेक. तिला बॅण्डवाल्याच्या दावणीला बांधायची?

ललिताचं शिक्षण विचाराल तर चौथी. पण खरी शाळा झाली ती गणेशपुरीला, गरम पाण्याच्या कुंडांपाशी. पाड्यावरून आई तिला सोबत न्यायची. सांधे धरलेली माणसं कुंडात बसून बाहेर आली की आई त्यांचे गुडघे, कमरा चोळून द्यायची. हात लावायच्या आधी ती एक गोष्ट हटकून करी. माणूस ओल्या पायांनी फरशीवरून चालत आलं की त्याच्याकडे न बघता फरशीकडे बघायची. कुठला पाय पुरता उमटलाय, कुठल्याची नुसती बोटं उमटलीत, टाच कुठे पुसट आहे. "मानूस लपवतो, पावलाला लपवता येत न्हाय," आई म्हणायची. ललिताने पुढे तेच घोड्यांना लावलं. आंघोळ घालून कोब्यावरून चालवायचं आणि खुरांचे ठसे वाचायचे.

म्हणूनच तिचा जीव जळत होता. आंघोळीनंतर अबोली मोकळी चालली की चारही खूर सारखे उमटत. पाठीवर क्षितिजा बसली की उजवीकडचे ठसे जड. खोगीर काढल्यावर उजव्या कमरेजवळ बोट टेकवलं तरी घोडी थरथरे. घोडीला भार सोसत नव्हता, कारण भार एकाच बाजूला पडत होता. आणि भार एका बाजूला का, हे ललिताला जूनमध्येच कळलं होतं. पोरीने पाय धुतले, अनवाणी कोब्यावरून गेली, तर उजवं पाऊल अख्खं आणि डाव्याची नुसती बोटं.

"पडलीस कंदी?" ललिताने तेव्हाच विचारलं होतं.

"कुठे पडले? मला काही झालेलं नाही, मावशी."

पण संध्याकाळी तीच पोर तबेल्यात येऊन ललिताचा हात धरून रडली. मे महिन्यात सरावाला घोडीवरून डाव्या खुब्यावर आपटली होती. दोन वर्षांपूर्वी हात मोडला तेव्हा बापाने वर्षभर खोगिराला कुलूप घातलं होतं. आता कळलं तर कायमचं घालतील. "पप्पांना सांगू नका. शपथ आहे तुम्हाला."

इथे ललिता चुकली. शपथ पाळायची आणि घोडीलाही वाचवायचं, म्हणून तिने मधला रस्ता काढला. जुन्या गोधडीचा तुकडा घडी घालून खोगिराखाली उजव्या बाजूने शिवून टाकला. खोगीर सरळ बसलं, घोडी महिनाभर सुखाने चालली. मग पोर आणखी कलली. ललिताने दुसरी घडी शिवली. गणपतीनंतर तिसरी. घोडीला आराम देता देता आपण पोरीला दुखण्यावर बसायची सोय करून देतोय, हे तिला तिसऱ्या घडीची गाठ मारताना लख्ख कळलं. तरी तिने गाठ मारली. त्याचा राग तिला कुणालच्या चुंबकापेक्षा जास्त येत होता.

शपथ न मोडता सांगायचे तिने हजार प्रयत्न केले. "शेठ, घोडी चांगली हाय. वर बसनाऱ्याचं बघा."

"वर बसनारी माझी पोरगी हाय," कुणाल म्हणायचा. "तू काय डाक्टरीन हायस? घोडी चोळ तू."

डॉक्टर आले, घोडीच्या पाठीचे फोटो काढून गेले. नाल ठोकणाऱ्याने नाल बदलले. कुणाच्या सांगण्यावरून दाराला लिंबू-मिरच्याही लटकल्या. घोडीसाठी ओतायला कुणालला काही कमी नव्हतं. फक्त पोरीला एकदा चार पावलं चालवून बघायचं म्हटलं की त्याला फोन येई.

रविवारी सकाळी बॅण्डवाला काळूराम टेम्पो घेऊनच आला. कुणालनेच बोलावलं होतं. अडली तर लगेच घेऊन जा म्हणून. काळूराम भला माणूस, पण त्याने येताच झूल मापायला टेप काढली आणि ललिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आत गेली. खोगीर पालथं घातलं आणि कात्रीने तिन्ही घड्या उसवून काढल्या. अडायचंच असेल तर घोडीने खऱ्या कारणाने अडावं.

अबोली अडलीच. दांडीपर्यंतसुद्धा गेली नाही. मैदानाच्या मध्यावर उभी राहिली आणि मान वळवून आपल्याच उजव्या कमरेकडे बघू लागली. ललिताने जाऊन लगाम धरला आणि तिला तबेल्यासमोर आणलं. क्षितिजा उतरली तेव्हा तिचा ओठ दातांखाली होता.

"ने रे काळूराम," कुणाल म्हणाला.

"थांबा," ललिता म्हणाली. तिने गोधडीच्या घड्या कुणालच्या पायाशी टाकल्या. "ह्या मी शिवलेल्या. घोडीसाठी न्हाय, पोरीचा कल झाकाया. शपथ घातलीवती, ती आज मोडली." मग पाण्याची बादली उचलून तिने तबेल्यासमोरच्या कोब्याच्या एका टोकाला ओतली. "क्षितू, बूट काढ. चाल."

क्षितिजाने बापाकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं आणि बूट काढले. ओल्यातून कोरड्यावर दहा पावलं चालली. उजवं अख्खं. डाव्याची बोटं.

कुणालने ठशांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "कोबा उतरता आसंल. पानी जायला उतार ठेवलाय."

ललिताला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. "उतार? हे बघा, मी चालते!" तिने चपला भिरकावल्या आणि ओल्यातून तरातरा चालत गेली. वळून बघितलं तर तिचंही तसंच. उजवं पुरतं, डाव्याची टाच गायब.

"बघ!" कुणाल म्हणाला. "तुझाबी तसाच. कोबाच उतरता हाय."

काळूरामने टेप गुंडाळली आणि घोडीच्या दोरीला हात घातला. ललिता आपल्या पावलांकडे बघतच राहिली.

बोलली ती क्षितिजा. "उतार असता ना पप्पा, तर परत येताना उलटं उमटलं असतं." तिने समोरच्या टोकाला पाणी ओतून पाय पुन्हा ओले केले आणि तिथून परत चालत आली. उजवं अख्खं. डाव्याची बोटं. शेवटच्या पावलाला तिचा खुबा लचकला आणि ती अबोलीच्या मानेला धरून उभी राहिली. "मे महिन्यात पडले मी. घोडीचा काही दोष नाही. कुलूप घालायचं तर घाला, पण तिला देऊ नका."

कुणाल खाली बसला. खाडीकाठचा माणूस, चिखलातल्या पावलांवरून कोण गेलं ते लहानपणी तोही सांगायचा. त्याने डाव्या पावलाच्या बोटांवर आपला हात ठेवला. ओल सुकत चालली होती. "मे म्हैन्यापास्नं?" तो म्हणाला. "आनि मी घोडीला चुंबक लावतोय." मग काळूरामकडे न बघताच म्हणाला, "जा बाबा तू. घोडी द्यायची न्हाय." आणि हाडाच्या डॉक्टरला फोन लावायला तो बाजूला गेला.

ललिता जिंकली होती. कोणी तसं म्हणालं नाही, माफी तर दूरच. तिने घाईघाईने गोधडीची एक घडी उचलली आणि कोबा पुसायला घेतला. पोरीची पावलं तशीच ठेवून ती आपली पुसत होती. आठ वर्षं रोज उजव्या पायावर रेलून तिने घोडी चोळली होती, आणि आठ वर्षांत एकदाही ओल्या पायांनी चालून मागे वळून बघितलं नव्हतं.

"मावशी," क्षितिजा मागून म्हणाली. "तुमची कंबर कधीपासून दुखते?"

"माझी?" ललिता कोबा पुसतच म्हणाली. "मला काय न्हाय झालेलं."