फिलोमिना केनियाला चालली, माझी गाणी घेऊन

मैत्रिणींनो, आज रोह्याहून माझी कॉन्व्हेंटची वर्गमैत्रीण फिलोमिना पेणला आली. तिच्या चर्चचा ग्रुप केनियाला अनाथ मुलांची सेवा करायला चाललाय. जिला स्वतःची नातवंडं तासभर सांभाळवत नाहीत, ती!

"तिथल्या पोरांसाठी तुझी अभिनयगीतं शिकव गो," म्हणाली.

नोकरीभर बालवर्ग मी सांभाळला. म्हटलं, "मग मलाच ने की!"

"अगो, आमच्या चर्चचीच माणसं नेतायत."

शाळेच्या चॅपलमध्ये खड्या आवाजात मी गायचे, ही नुसते ओठ हलवायची!

तरी गाणी शिकवली. फक्त बेडूकउड्यांचं, ज्यावर रडकं पोरही खुदकन हसतं, ते नाही दिलं. तुम्ही दिलं असतंत?